मिशीआडचा उच्चार

कारभारी गायके पहिल्यांदा माझ्याकडे आले तो दिवस मंगळवार, १८ जून २०२४. रोजनिशीत त्या दिवशी मी लिहिलं आहे : "दुपारी साडेतीन. दौलताबाद किल्ल्यावरचे गाईड. वय एकावन्न. मिशा प्रचंड. फ्रेंच शिकायचं म्हणतात. चहा बिनसाखरेचा घेतला."

मिशांची नोंद मी उगाच केली नव्हती. खोलीत आधी त्या आल्या आणि मागून कारभारी आले, असं मला खरोखर वाटलं. दाट, दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या, आणि वरचा ओठ पूर्ण झाकणाऱ्या. चहा प्यायल्यावर ते मिशा रुमालानं टिपून घेत.

मी एका कॉलेजात एकोणीस वर्षं संध्याकाळचे फ्रेंचचे वर्ग घेतले. आता समर्थनगरात घरीच दोन-चार मुलं येतात, हॉटेलात नोकरी मिळवायची असते त्यांना. एकावन्न वर्षांचा विद्यार्थी मात्र हा पहिलाच. मी विचारलं, इंग्रजीवर काम चालत नाही का? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी त्यांना फीबद्दल काही बोलूच शकले नाही.

हिवाळ्यात फ्रेंच पाहुण्यांचे गट येतात. त्यांच्याबरोबर गाईड दिल्लीहून येतो. तो खालच्या दरवाज्याशी तोफा दाखवतो, चाँद मिनारपाशी फोटो काढू देतो आणि "वर काही विशेष नाही" म्हणून सगळ्यांना वेरूळच्या बसमध्ये बसवतो. कधी गट वर गेलाच, तर अंधारीच्या भुयारी वाटेत मशाल धरायला कारभारी. चोवीस वर्षं किल्ला सांगणारा माणूस त्या दिवशी मुकाट्यानं उजेड दाखवत चालतो, आणि पुढचा माणूस खंदकाबद्दल काहीबाही सांगत असतो.

"बाई, मला भाषा येत नाय, पण हात कुठं दाखवतो ते तर दिसतं," कारभारी म्हणाले. "जिथून शत्रू आला म्हणून सांगतो, तिकडं नुसता कडा आहे."

शहरातल्या ट्रॅव्हल ऑफिसनं त्यांना कबूल केलं होतं की सप्टेंबरात पुण्याहून एक फ्रेंच मॅडम येतील, त्यांच्याबरोबर किल्ला चढतील. मॅडमना बोलणं नीट कळलं, तर या हंगामातले दौलताबादचे सगळे फ्रेंच गट कारभारींचे. नाही कळलं, तर दिल्लीचा माणूस पुढच्या तीन वर्षांसाठी नक्की. हातात तीन महिनेही नव्हते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की भाषा येणार नाही, पण किल्ल्यापुरतं बोलणं बसवता येईल. उच्चार मात्र घोटून घ्यावे लागतील.

फ्रेंचचा र पहिल्या आठवड्यातच आला. हा र जिभेचा नाही, घशाचा. माझी मुलं यासाठी दोन-दोन महिने गुळण्या केल्यासारखे आवाज काढतात. कारभारींचे सोबती म्हणजे मशालवाले नूरमोहम्मद, मूळचे खुलताबादचे. लहानपणापासून दोघं किल्ल्यावर एकत्र. कारभारींनी त्यांना हा आवाज काढून दाखवला, तर ते म्हणाले, "ये तो अपनाच ग़ैन है, मियाँ. बाग़ बोल, हो गया." उर्दूतलं हे अक्षर घशातूनच येतं. झालं. कारभारी दुसऱ्या दिवशी आले ते पॅरिसमध्ये जन्मल्यासारखा र घेऊन.

नाकातले स्वरही फारसे जड गेले नाहीत. शब्दाच्या शेवटची अक्षरं लिहायची पण बोलायची नाहीत, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीचे मेंबर. हजेरीला नाव, तोंडातून शब्द नाय." त्यानंतर ती चूक त्यांनी पुन्हा केली नाही. वाचताना असं अक्षर आलं की बोटानं त्याला दाबत आणि "मेंबर" असं पुटपुटून पुढे जात.

अडलं ते एका स्वरापाशी. फ्रेंचमध्ये एक उकार आहे, त्याला आपल्याकडे अक्षर नाही. जिभेनं ई म्हणायचं आणि ओठांनी ऊ. ओठ शीळ घालताना होतात तसे पुढे आणि गोल, आत जीभ मात्र ईच्या जागी. भिंत, दृश्य, उंची सांगायची तर तो पदोपदी लागतो. शिवाय "वर" आणि "खाली" यांचे फ्रेंच शब्द एवढ्या एका स्वरानं वेगळे होतात, आणि ज्या किल्ल्यात वरून उकळतं तेल ओतायची भोकं आहेत आणि खाली खंदक आहे, तिथं वर-खालीची गफलत चालत नाही.

कारभारींचा हा स्वर कधी ई व्हायचा, कधी ऊ. मधे कुठं थांबायचाच नाही. माझ्या शाळेत आम्हाला सिस्टर सेलेस्टीन हा स्वर शिकवायच्या, तेव्हा प्रत्येकीच्या तोंडासमोर हातातला आरसा धरायच्या. मीही आरसा आणला. त्यात मिशा दिसल्या. ओठ काय करताहेत ते ना मला दिसत होतं ना त्यांना. जुलै गेला, ऑगस्ट गेला. २८ ऑगस्टच्या पानावर मी लिहिलं आहे : "उकार तसाच. सोळा दिवस राहिले." त्या दिवशी मी सहज म्हणाले की कारभारी, तुमच्या मिशा मधे येतात. त्यांनी रुमालानं ओठ टिपले आणि वही बंद केली.

सहज म्हणाले, हे आता लिहिताना माझं मलाच खटकतं. वडील हयात असताना मिशी उतरवत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. कारभारींचे वडील तात्यासाहेब शहाऐंशी वर्षांचे, ठणठणीत, एकतीस वर्षं त्याच किल्ल्यावर चौकीदार होते. मी हे सगळं ऐकलेलं होतं आणि तरी बोलून गेले.

बुधवारी, ४ सप्टेंबरला दुपारी दारात एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस उभा राहिला. मी त्याला सांगितलं की गॅस सिलिंडर काल आला. तो हसला तेव्हा मी ओळखलं. क्रांती चौकाजवळच्या एका सलूनमध्ये जाऊन आले होते. तात्या पोळ्यासाठी लेकीकडे, लासूर स्टेशनला लक्ष्मीबाईंकडे गेलेले; उद्या-परवा येतील, तेव्हा त्यांना नीट समजावून सांगू, असा कारभारींचा बेत होता. गावातला न्हावी बन्सी, त्याच्याकडे मुद्दाम गेले नव्हते, कारण त्यानं शंभर प्रश्न विचारले असते.

मी आरसा धरला. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचे ओठ पाहिले. ते भलतीकडेच जात होते. पाच मिनिटांत जागेवर आणले, आणि तो स्वर आला. स्वच्छ, गोल, घंटेसारखा. त्यांनी तो इतक्यांदा म्हटला की वरच्या मजल्यावरच्या बाई डोकावून गेल्या.

पुढचं मला स्वतः कारभारींनी, नूरमोहम्मदांनी आणि शेवटी खुद्द तात्यासाहेबांनी सांगितलं. तिघांचं जुळवून लिहिते.

कारभारी काळीपिवळीत बसले. आलेला स्वर हातचा जाऊ नये म्हणून वाटभर ओठ पुढे काढून, डोळे मिटून, आवाज न करता तो घोटत होते. गाडीत समोर नेमका बन्सी बसलेला. त्यानं काय पाहिलं, तर कारभारी, मिशी नाही, ओठ थरथरताहेत, डोळे मिटलेले. तात्या दोन दिवस गावात नाहीत. त्यानं विचारलं काहीच नाही; अशा वेळी विचारत नसतात. शहरात परक्या न्हाव्याकडून विधी करून घेतला याचं त्याला वाईट वाटलं, पण तेही गिळून त्यानं कारभारींच्या पाठीवर हात ठेवला आणि उतरेपर्यंत काढला नाही. कारभारींना वाटलं, सणानंतरची माया असेल.

कारभारी उतरले ते घरी न जाता थेट किल्ल्याकडे गेले, नूरमोहम्मदांना स्वर ऐकवायला. बन्सी गावात गेला.

तासाभरात गायक्यांच्या अंगणात चाळीस माणसं जमली. कुणी सतरंजी अंथरली, कुणी पाण्याची घागर भरून ठेवली. कारभारींची बायको शेतातून आली तर दारात बायका बसलेल्या. लासूरहून फोन आला असणार असं समजून तिनं डोक्यावरचा भारा टाकला आणि ती रडायला लागली. तात्या आजही हे सांगताना थांबतात आणि म्हणतात, "सून खरी रडली बरं का. पदर ओला व्हता."

कारण तात्या तिथं होते. उद्या यायचे ते पाचच्या पॅसेंजरनं त्याच दिवशी आले. स्टेशनवरून चालत घरी पोहोचले, तर आपल्याच अंगणात माणसं खाली मान घालून बसलेली. त्यांनीही काही विचारलं नाही. चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. अंधारून आलं होतं, आणि मयताच्या घरी कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. पाच-सात मिनिटं रीतीप्रमाणे गप्प बसल्यावर त्यांनी शेजाऱ्याच्या कानाशी वाकून विचारलं, "कोण गेलं रं?"

शेजारी बन्सी होता. तो बसल्या जागी मागे कलंडला.

मग जो गोंधळ झाला, त्यात हसणारे किती आणि रामराम करणारे किती, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. तेवढ्यात कारभारी किल्ल्यावरून खुशीत उतरत आले, ओठ अजून पुढेच. तात्यांनी दिव्याखाली लेकाचा चेहरा नीट पाहून घेतला.

"कारभाऱ्या," ते म्हणाले, "मी कवा गेलो?"

यानंतर तात्या त्यांच्याशी बोलले नाहीत. सुनेच्या तोंडी निरोप दिला की हे तोंड घेऊन गावात फिरायचं नाही, मिशी येईपर्यंत घरात बसायचं. परीक्षा नऊ दिवसांवर होती. मिशी नऊ दिवसांत येत नाही.

गुरुवारी सकाळी कारभारींचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाले, बाई, मी काही येत नाही आता, तात्याला दुखवून किल्ला सांगायचा नाही मला. मी म्हटलं, चूक माझी, मी येऊन त्यांची माफी मागते. ते नको नको म्हणत राहिले. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी रिक्षा करून दौलताबादला गेले.

तात्यासाहेब ओसरीवर बाजेवर बसले होते. पांढऱ्या मिशा लेकाच्या होत्या त्याहून मोठ्या. मला "बाईसाहेब, बसा" म्हणाले, सुनेला चहा सांगितला, आणि मग भिंतीकडे पाहत राहिले. कारभारी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभे. मी सगळं सांगितलं. मीच बोलले, मला सुचायला हवं होतं, तुमच्या लेकानं केलं ते माझ्या शब्दावर. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की असा कोणता आवाज आहे ज्याला मिशीची अडचण होते.

मी कारभारींना म्हणायला सांगितलं. त्यांनी म्हटला. तात्यांनीही ओठ पुढे करून पाहिले. पांढऱ्या मिशा नाकापर्यंत गेल्या, आवाज काही आला नाही. दारातून सून हसली आणि आत पळाली.

"आणि याच्यानं तो दिल्लीवाला जाणार?"

"जाईल की नाय सांगता येत नाय, तात्या," कारभारी म्हणाले. चार दिवसांनी पहिल्यांदा दोघं एकमेकांशी बोलत होते. "पण मला सांगता यील."

"मग सांग."

"काय?"

"किल्ला. मला सांग. त्यांच्या भाषेत."

कारभारींनी माझ्याकडे पाहिलं. मग चौकटीतून पुढे येऊन उभे राहिले, हात मागे बांधले आणि सुरुवात केली. तात्यांनी डोळे मिटले. त्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण वाट त्यांची होती. पहिला दरवाजा आला, तोफा आल्या, चाँद मिनार आला. नाव ऐकू आलं की त्यांची मान किंचित हलायची. चिनी महाल, मेंढा तोफ, खंदक. अंधारीत शिरताना कारभारींचा आवाज आपोआप खाली आला आणि तात्यांनी बसल्या बसल्या डोकं वाकवलं, तिथलं छत बुटकं आहे म्हणून. माथ्याजवळच्या बारादरीपर्यंत पोहोचायला अर्धा तास लागला. चहा गार झाला.

तात्यांनी डोळे उघडले. मी वाट पाहत होते की आता काय म्हणतात.

"हत्ती हौद कुठं गेला?"

कारभारींनी मान खाली घातली. हौदापाशी तो उकार लागोपाठ चार शब्दांत येतो, म्हणून तो भाग आम्ही ऑगस्टमध्येच सोडून दिला होता. मी तसं सांगितलं.

"एवढा मोठा हौद," तात्या मला म्हणाले, "दोन गावं पाणी पितील. आणि तुम्ही सोडला. दिल्लीवाल्यात आणि तुमच्यात मग फरक काय राह्यला?" ते लेकाकडे वळले. "आता ओठ मोकळा आहे ना? मग हौद घे. मिशी माझ्यासाठी व्हती, ती मी सोडली. हंगाम संपला की मार्चमध्ये वाढव. पण शुक्रवारी मी येणार. खालच्या दरवाज्यात बसणार दिवसभर. ज्याला माझी खात्री करायची त्यानं येऊन करावी."

पुढचे चार दिवस कारभारी रोज आले. हौद बसवला. चौथ्या शब्दावर ओठ अजून दमायचे, पण यायचा.

शुक्रवार, १३ सप्टेंबर. रात्रभर पाऊस पडून गेला होता, सकाळी उघडलं. तात्यासाहेब तिकीट खिडकीशेजारी लाकडी खुर्चीत, गुलाबी फेटा बांधून बसले होते. बन्सीनं सकाळी घरी जाऊन त्यांची दाढी करून दिली होती, मानपान पुरा झाला होता. येणारा-जाणारा प्रत्येक गाववाला थांबून त्यांच्या पाया पडत होता. काहींना हसू आवरत नव्हतं. मी शेजारी स्टुलावर. माझे गुडघे पहिल्या दरवाज्यापलीकडे जात नाहीत.

पुण्याच्या मॅडमचं नाव ओदील. साठीच्या, सडपातळ, पायात चांगले बूट. हसल्या नाहीत. कारभारींनी त्यांना नमस्कार केला आणि तिघं निघाले. मशाल घेऊन नूरमोहम्मद मागे. हत्ती हौदाच्या वळणापर्यंत मला कारभारींचा आवाज येत होता, मग पायऱ्यांवरच्या माणसांच्या बोलण्यात तो गेला.

तात्यांनी तीनदा वेळ विचारली.

वर काय झालं ते नूरमोहम्मदांनी आणि कारभारींनी सांगितलं. खंदकापर्यंत सगळं पाठ केल्याप्रमाणे नीट चाललं होतं. ओदील मॅडम मान हलवत होत्या, पण चेहरा कोरा. अंधारीच्या तोंडाशी त्या थांबल्या आणि त्यांनी असा प्रश्न विचारला जो आमच्या वहीत नव्हता. खाली दरवाज्यात ते फेटेवाले गृहस्थ कोण, ज्यांच्या पाया सगळा गाव पडतो आहे? त्यांचा आज काही समारंभ आहे का?

कारभारी गप्प झाले. नूरमोहम्मदांना वाटलं, संपलं. मग कारभारींनी त्यांच्याजवळ होते तेवढे शब्द गोळा केले आणि फ्रेंचमध्ये सांगितलं : ते माझे वडील. ते मेलेले नाहीत.

मॅडमना अर्थातच काही कळलं नाही. मग त्या अंधाऱ्या वाटेत, मशालीच्या उजेडात, वटवाघळांच्या खाली, कारभारींनी सगळी हकिगत सांगितली. क्रियापदं चुकली, काळ चुकले, मिशीचा शब्द माहीत नव्हता म्हणून नूरमोहम्मदांच्या मिशीवर बोट ठेवलं. रडण्याचा शब्द नव्हता म्हणून रडून दाखवलं. तात्या मागच्या रांगेत बसले तिथपर्यंत आल्यावर मॅडम भिंतीला हात लावून हसायला लागल्या, आणि "कोण गेलं" यावर त्यांना खाली बसावं लागलं. नूरमोहम्मद म्हणाले, "बाई, मेरेकू एक लफ़्ज़ नई समझा, पर बुढिया को सब समझा."

अंधारीतून बाहेर पडल्यावर त्यांनी कारभारींना दोन वाक्यं दुरुस्त करून दिली आणि वर बारादरीपर्यंत चढल्या. उतरल्यावर सरळ तात्यांच्या खुर्चीपाशी आल्या आणि हात जोडले. तात्या उठून उभे राहिले. दोघांना एकमेकांशी बोलायला भाषा नव्हती, तरी तात्यांनी त्यांना विचारलंच, हौद दाखवला का? कारभारींनी भाषांतर केलं. हो, दाखवला, त्या म्हणाल्या, आणि चौथा शब्द जरा दमलेला होता.

सोमवारी ऑफिसातून फोन आला. गट कारभारींचे, मंगळवारी आणि शुक्रवारी.

पहिला गट ५ नोव्हेंबरला आला, चौदा माणसं. मी गेले होते. कारभारी गुळगुळीत चेहऱ्यानं पुढे, सगळे मागे. दीडच्या सुमाराला ते खाली उतरले, लाल झालेले, घामाघूम, खूष. तात्या खुर्चीत होतेच. त्यांनी आधी माणसं मोजली, चौकीदाराची सवय, आणि मग विचारलं की सगळे बारादरीपर्यंत गेले का. कारभारी म्हणाले, बारा गेले. दोघं नवरा-बायको गणपतीच्या देवळापाशी थांबली, वय झालेलं, दम लागला.

तात्यांनी त्या जोडप्याकडे पाहिलं. "पुढच्या खेपेला त्यांनाबी न्यायचं. घरून दोन काठ्या आणून ठेव."

ती दोघं रविवारच्या विमानानं परत जाणार होती. कारभारींनी हे तात्यांना सांगितलं नाही. "व्हय, तात्या," म्हणाले, आणि काठ्यांचं काय ते त्या दोघांना फ्रेंचमध्ये सांगायला गेले.